रणभूमी आणि तारांगण : जोडीने वाचावयाची काही पुस्तके

ग्रंथालयात युद्धविषयक ग्रंथांचे कपाट आणि विज्ञानकथांचे कपाट ही बहुधा दोन टोकांना असतात. पहिल्यासमोर उभे राहणारे गृहस्थ घडलेल्या गोष्टींचा शोध घेत असतात, दुसऱ्यासमोर उभी राहणारी मुले कधीच न घडलेल्या गोष्टींचा. आणि एका कपाटाचा वाचक दुसऱ्याकडे सहसा वळत नाही. ही व्यवस्था ग्रंथपालाच्या सोयीची असेल, परंतु वाचकाच्या हिताची ती नाही, असे माझे दीर्घ वाचनाअंती बनलेले मत आहे. विसाव्या शतकातील श्रेष्ठ विज्ञानकथांपैकी कितीतरी कथा अशा माणसांनी लिहिल्या आहेत की ज्यांनी युद्ध स्वतःच्या देहावर सोसले होते, आणि जे सोसले ते सरळ कथनात मावेना म्हणून ज्यांनी परग्रहांचा व भविष्यकाळाचा आश्रय केला. आणि त्याच शतकातील युद्धाच्या अस्सल ग्रंथांतून प्रयोगशाळा वगळावी म्हटले तर त्या ग्रंथांचा कणाच निखळतो. म्हणून येथे जी शिफारस करावयाची आहे ती शक्य तेथे एकेका पुस्तकाची न करता जोडीने करतो.

मराठी वाचकाने आरंभ पानिपतापासून करावा. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली आणि दिवसभर चाललेल्या संग्रामाचा तोल फिरला, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. भाऊसाहेबांची बखर त्या दिवसाचे जे वर्णन करते ते बखरकाराच्या शैलीसाठी तर वाचावेच, आणि त्यानंतर त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा 'पानिपत १७६१' हा ग्रंथ घ्यावा, म्हणजे मोहीम, रसद आणि उभय पक्षांचे हेतू यांचा छडा लावणारी इतिहासकाराची दृष्टी काय असते हे कळेल. एवढी पूर्वतयारी झाली म्हणजे मग जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा उघडावी. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात की जेथे तीच गोळी विश्वासरावांना चाटून निघून गेली आहे. पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे, आणि इंग्रजांचा अंमल आपल्या परिचयाचा राहिलेलाच नाही. त्या जगातून ते परत येतात तेव्हा पुरावा म्हणून त्यांच्याजवळ उरते ते बखरीचे एक पान.

नारळीकरांनी येथे जे केले त्याचे मोल केवळ कल्पनेच्या चमत्कृतीत नाही. अणूच्या अंतरंगातील कण अमुक क्षणी अमुक ठिकाणीच सापडेल असे पुंजभौतिकीला सांगता येत नाही, केवळ संभाव्यता सांगता येते. तेव्हा ज्या शक्यता आपल्या जगात प्रत्यक्षात आल्या नाहीत त्या अन्य एखाद्या जगात आल्या असतील काय, हा भौतिकशास्त्रज्ञांचा खराखुरा प्रश्न आहे. तो त्यांनी मराठी मनाच्या सर्वांत दुखऱ्या जागी नेऊन ठेवला. शेजवलकर वाचल्यावाचून ही कथा वाचणारा तिला एक मनोरंजक तर्क समजेल. शेजवलकर वाचून वाचणाऱ्याला मात्र तिच्यातील प्रत्येक परिच्छेदामागे त्या दिवसातील सहस्रावधी मृत उभे दिसतील. जोडीने वाचा असे जे मी म्हणतो ते याचसाठी.

आता या साहित्यप्रकाराच्या मूळपुरुषाकडे वळू. एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९७ साली मासिकातून क्रमशः आली आणि १८९८ मध्ये ग्रंथरूप झाली. मंगळावरील प्राणी इंग्लंडच्या भूमीवर उतरतात, उष्णकिरणांनी फौजा जाळतात, काळा विषारी धूर सोडून गावेच्या गावे ओस पाडतात, आणि जगावर राज्य करणारी लंडननगरी भयाने सैरावैरा धावत सुटते. वेल्स यांनी पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांच्या संहाराचे स्मरण करून दिले आहे. युरोपियनांनी इतर लोकांवर जे लादले तेच त्यांच्यावर लादले गेले तर कसे वाटेल, हा त्यांचा प्रश्न होता. साम्राज्य ऐन भरात असताना हा प्रश्न इंग्रज लेखकाने इंग्रज वाचकाला विचारावा, याचे मला आजही नवल वाटते. कथेच्या अखेरीस मंगळवासी मरतात ते तोफांनी नव्हे, तर सूक्ष्म जंतूंनी. ही कथा मासिकातून प्रसिद्ध होत होती त्याच वर्षी पुणे आणि मुंबई ही शहरे प्लेगच्या जंतूंनी ग्रासलेली होती, आणि त्याच जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. या गोष्टी मनात ठेवून मराठी वाचकाने हे पुस्तक वाचले तर त्याला ते लंडनच्या वाचकाहून कदाचित अधिक समजेल. पुढे १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, तेव्हा तो काळा धूर कल्पनेतून वास्तवात उतरला.

परंतु वेल्स यांच्या ज्या पुस्तकाने इतिहासाच्या प्रवाहालाच हात घातला ते याहून पुष्कळ कमी वाचले जाते. 'द वर्ल्ड सेट फ्री' हे त्याचे नाव, १९१४ हे त्याचे वर्ष. फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाचा रेडियमवरील ग्रंथ वाचून वेल्स यांनी अशी कल्पना केली की १९३३ साली एक शास्त्रज्ञ अणूतील ऊर्जा मुक्त करण्याचे रहस्य शोधून काढील आणि पुढे त्या ऊर्जेचे बाँब विमानातून नगरांवर टाकले जातील. 'अणुबाँब' हा शब्दसुद्धा त्यांनी तेथेच वापरला. कादंबरी म्हणून ती विस्कळीत आहे, तिच्यातील व्याख्याने वाचकाच्या सोशिकपणाची परीक्षा पाहतात. आणि तरीही ती वाचावी असा माझा आग्रह आहे, कारण १९३२ साली बर्लिनमध्ये ती लिओ झिलार्ड नावाच्या हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञाने वाचली.

पुढच्या वर्षी हिटलर सत्तेवर आला. झिलार्ड ज्यू असल्याने त्याने जर्मनी सोडली आणि तो लंडनला आला. सप्टेंबर १९३३ मध्ये त्याने वृत्तपत्रात वाचले की अणूपासून शक्ती मिळवण्याच्या गोष्टी भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांनी निव्वळ वल्गना ठरवल्या आहेत. त्या मतावर विचार करीत चालला असताना साउथम्प्टन रो या रस्त्यावर त्याला सुचले की एका न्यूट्रॉनने अणू फुटून त्यातून दोन न्यूट्रॉन बाहेर पडले, आणि त्या दोहोंनी आणखी दोन अणू फोडले, तर ही शृंखला आपली आपणच वाढत जाईल. वर्ष तेच, वेल्स यांच्या कादंबरीतले! या शोधाचा परिणाम काय होईल हे झिलार्डला कोणी सांगावयास नको होते, कारण तो परिणाम त्याने वाचलेला होता. म्हणून आपले पेटंट गुप्त राहावे यासाठी त्याने ते ब्रिटिश आरमार खात्याच्या हवाली केले. १९३९ साली आइन्स्टाइन यांच्या सहीने अध्यक्ष रूझवेल्ट यांना जो प्रसिद्ध खलिता गेला त्यामागे झिलार्डच होता, आणि १९४५ च्या जुलैमध्ये या अस्त्राच्या वापराविरुद्ध शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज फिरवणाराही तोच. एका कादंबरीच्या वाचनाने एखाद्या मनुष्याला भय, उत्तेजना आणि उत्तरदायित्व ही तिन्ही एकदम दिल्याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

या कादंबरीनंतर लगोलग जॉन हर्सी यांचे 'हिरोशिमा' वाचावे. हर्सी १९४६ साली जपानमध्ये गेले, बाँबमधून वाचलेल्या माणसांच्या जबान्या त्यांनी घेतल्या, आणि त्यांतून सहा जणांची कहाणी लिहिली: एक कारकून तरुणी, दोन डॉक्टर, एक शिंप्याची विधवा, एक जर्मन पाद्री आणि एक जपानी धर्मोपदेशक. ३१ ऑगस्ट १९४६ चा 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचा संपूर्ण अंक या एकाच लेखाला वाहिलेला होता. त्यात विशेषणे जवळजवळ नाहीत, आक्रोश नाही, धिक्कार नाही. सकाळी सव्वाआठ वाजता कोण कोठे बसले होते, काय करीत होते, आणि नंतर कोणी कोणाला पाणी दिले, एवढेच आहे. ती कारकून तरुणी कचेरीत शेजारणीशी बोलण्यासाठी मान वळवत होती, तोच स्फोट झाला आणि पाठीमागची पुस्तकांची कपाटे तिच्यावर कोसळून तिचा पाय मोडला. अणुयुगाच्या पहिल्या क्षणी मनुष्य पुस्तकांखाली चिरडला जातो, या वस्तुस्थितीवर हर्सी थोडेसे थांबतात आणि लगेच पुढे जातात. तो संयम मला थोर वाटतो. चाळीस वर्षांनी त्यांनी त्याच सहा जणांच्या पुढील आयुष्याचे एक प्रकरण जोडले, तेव्हा ते प्रकरण असलेलीच आवृत्ती मिळवावी.

सामान्य माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेले युद्ध आपल्या भाषेतही आहे, आणि हर्सींच्या किती तरी आधीचे आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडून झाशीच्या वेढ्यात अडकले. 'माझा प्रवास' या नावाने त्यांचे कथन चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. ज्याला ना राज्य मिळवायचे होते ना कीर्ती, अशा मनुष्याला शहर पडताना कसे दिसते, हे जाणण्यासाठी याहून प्रामाणिक दस्तऐवज मिळणे कठीण.

कर्ट व्हॉनेगट याची गोष्ट वेगळी. हा अमेरिकन तरुण डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून ड्रेस्डेन शहरी एका कत्तलखान्यात ठेवला गेला. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री दोस्तांच्या विमानांनी ते नगर जाळले, तेव्हा तो मांस साठवण्याच्या तळघरात असल्यामुळे जगला; वर आल्यावर ढिगाऱ्यांतून प्रेते उकरण्याचे काम त्याच्या वाट्यास आले. स्वतःच्याच पक्षाच्या बाँबखाली सापडलेल्या या मनुष्याला ती रात्र कागदावर उतरवावयास दोन तपे लागली. १९६९ साली 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' बाहेर आले, तेव्हा त्यातील नायक काळाच्या बंधनातून सुटलेला होता: एका क्षणी तो बर्फात कुडकुडणारा शिपाई असतो, दुसऱ्या क्षणी चष्म्याचा प्रतिष्ठित व्यावसायिक, तिसऱ्या क्षणी ट्राल्फामाडोर ग्रहावरील प्राणिसंग्रहालयातला कैदी. ज्याला युद्धाची स्मृती छळते त्याच्या लेखी काळ सरळ रेषेत वाहतच नाही, आणि हे सत्य सांगण्यासाठी परग्रहाची कल्पनाच व्हॉनेगटच्या उपयोगी पडली. एक सूचना मात्र करावयास हवी. ड्रेस्डेनच्या मृतांचा जो आकडा या पुस्तकात येतो, एक लक्ष पस्तीस हजार, तो नंतरच्या संशोधनाने अग्राह्य ठरला आहे. इतिहासकारांच्या समितीने २०१० साली दिलेला निर्वाळा पंचवीस हजारांपर्यंतचा आहे. पुस्तकाची थोरवी त्या आकड्यावर अवलंबून नाही.

विज्ञानकथेतील प्रत्यक्ष रणवर्णनासाठी दोन अमेरिकन कादंबऱ्या समोरासमोर ठेवाव्यात. रॉबर्ट हाइनलाइन यांची 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) ही सैनिकी शिस्तीचा आणि त्यागाचा गौरव करणारी. ग्रंथकार आरमारी विद्यालयाचा पदवीधर, परंतु क्षयामुळे शांततेच्या काळातच नोकरीतून निवृत्त झालेला. दुसरी जो हाल्डमन यांची 'द फॉरएव्हर वॉर' (१९७४); ती लिहिणारा पदार्थविज्ञानाचा पदवीधर व्हिएतनाममध्ये जखमी होऊन परतला होता. प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने प्रवास करणाऱ्याचा काळ मंदावतो, हा सापेक्षतेचा सिद्धान्त घेऊन हाल्डमन यांनी असा सैनिक रंगवला की ज्याची मोहीम त्याच्या हिशेबी काही महिन्यांची, पण घरी परतावे तर तेथे कित्येक दशके उलटलेली. युद्धावरून आलेल्याला आपले गाव परके वाटते, ही पुरातन व्यथा त्यांनी गणिताने सिद्ध केली. हाइनलाइन यांचे पुस्तक मला पटत नाही. पण ते आधी वाचल्यावाचून हाल्डमन यांच्या उत्तराची धार कळत नाही, म्हणून वाचलेच पाहिजे.

ज्यांना अंतराळ नकोच असेल त्यांनी जोसेफ हेलर यांचे 'कॅच-२२' घ्यावे. हेलर १९४४ मध्ये कॉर्सिका बेटावरून इटलीवर बाँबफेकीच्या साठ उड्डाणांत सहभागी झाले होते. त्याच वर्षी त्याच इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने शत्रूच्या मशीनगनचा मोर्चा जिंकून धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. आकाशातून दिसणाऱ्या त्या इटलीच्या खाली आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील मुलगे लढत होते, ही जाणीव मनाशी धरून ते पुस्तक वाचावे.

या साऱ्यांत एकच ग्रंथ निवडा असे कोणी म्हटले तर मी वासिली ग्रोसमनच्या 'लाइफ अँड फेट' या रशियन कादंबरीवर बोट ठेवीन. ग्रोसमन हा शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. युद्धकाळात तो लाल सेनेच्या 'क्रास्नाया झ्वेज्दा' या पत्राचा वार्ताहर होता. स्टालिनग्राडची झुंज त्याने आतून पाहिली, ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीचे पहिले वृत्तान्त लिहिणाऱ्यांपैकी तो एक. त्याची आई मात्र बेर्दिचेव गावातच राहिली होती, आणि सप्टेंबर १९४१ मध्ये तेथील ज्यूंच्या कत्तलीत ती मारली गेली. कादंबरीचा एक नायक व्हिक्टर श्ट्रुम हा अणुभौतिकशास्त्रज्ञ आहे. ज्यूंच्या वस्तीत कोंडलेली त्याची आई त्याला अखेरचे पत्र लिहिते. ते प्रकरण इतके साधे आहे, आणि इतके असह्य, की त्यानंतर पुस्तक काही काळ मिटून ठेवावे लागते. पुढे श्ट्रुमच्या संशोधनाची राज्यसत्तेला एकाएकी गरज भासते, स्वतः स्टालिनचा दूरध्वनी येतो, आणि जो मनुष्य अपमानाच्या काळात ताठ राहिला तो कृपेच्या काळात वाकतो. विज्ञान, सत्ता आणि विवेक यांचा असा संघर्ष कोणत्याही विज्ञानकथेत मला इतक्या सूक्ष्मतेने रंगवलेला आढळला नाही.

पुस्तकाचे दैवही त्याच्या विषयाला साजेसे होते. फेब्रुवारी १९६१ मध्ये गुप्त पोलिसांनी ग्रोसमनच्या घरी येऊन मूळ बाड तर जप्त केलेच, शिवाय कार्बन कागद आणि टंकयंत्राच्या फितीही नेल्या. लेखकाला न पकडता त्याच्या पुस्तकाला अटक झाली. ग्रोसमन १९६४ साली वारला. मित्रांनी जपून ठेवलेल्या प्रतींवरून ते १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये छापले गेले आणि १९८८ मध्ये रशियात. तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्याच बेलारुसच्या स्वेतलाना अलेक्सियेविच यांनी लाल सेनेतील स्त्रियांच्या मुखातून ऐकलेले युद्ध, आणि स्त्रुगात्स्की बंधूंचे 'रोडसाइड पिकनिक', ही दोन्ही नंतर सवडीने वाचण्याजोगी. थोरल्या स्त्रुगात्स्कीने लेनिनग्राडच्या वेढ्यातून बाहेर पडताना वडील गमावले होते, हे ठाऊक असले म्हणजे त्या कथेतील निषिद्ध प्रदेशाची भीती निराळी भासू लागते.

झिलार्डला ज्या लाटेने बर्लिनबाहेर फेकले आणि ग्रोसमनच्या आईला जिने गिळले, त्याच लाटेने वाहून आलेली एक मुलगी मराठी कादंबरीत आहे. विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' १९३९ साली प्रसिद्ध झाले. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर मायदेश हरवलेली ज्यू तरुणी हॅर्टा आणि मुंबईस परतणारा चक्रधर यांची भेट होते, आणि त्या थोड्या दिवसांत दोघांच्या वाट्याला जे येते ते या छोट्या कादंबरीत आहे. तीत एकही तोफ उडत नाही. जर्मनीत काय चालले आहे याची जगाला पुरती कल्पना येण्याआधी हे पुस्तक मराठीत लिहिले गेले, याचा अभिमान आपण पुरेसा बाळगलेला नाही. ज्यांना त्यामागचा इतिहास हवा त्यांनी वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' जोडीला घ्यावे.

शेवटी पुन्हा नारळीकरांकडे, परंतु त्यांच्या गुरूंच्या वाटेने. केंब्रिजमधील त्यांचे मार्गदर्शक, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी महायुद्धात ब्रिटिश आरमारासाठी रडारचे काम केले होते. १९५७ मध्ये त्यांनी 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी लिहिली. सूर्याकडे येणारा एक विराट मेघ प्रत्यक्षात बुद्धिमान प्राणी आहे असे शास्त्रज्ञांना कळते, आणि राज्यकर्ते मात्र त्याच्यावर अण्वस्त्रे सोडतात, जी तो जशीच्या तशी परत धाडतो. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली, तेव्हा ही परंपरा मराठीत आली असे म्हणता येईल. त्यांच्या 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीवर येऊन आदळणारा धूमकेतू वळवण्यासाठी राष्ट्रे एकत्र येऊन तीच अण्वस्त्रे अवकाशात नेतात. हॉइल यांची कादंबरी आधी, ही कथा नंतर.

क्रमाविषयी एवढेच सांगतो. 'हिरोशिमा' आणि 'रणांगण' ही दोन लहान पुस्तके आहेत, नव्या वाचकाने त्यांच्यापासून आरंभ करावा. व्हॉनेगट आणि हाल्डमन त्यानंतर. वेल्स यांची पहिली कादंबरी तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती निर्धास्तपणे द्यावी, दुसरी मात्र झिलार्डची हकीकत सांगून. 'लाइफ अँड फेट' ला पावसाळ्याचे दोन महिने द्यावेत. त्यातील रशियन नावांनी सुरुवातीला गोंधळ उडतो, यासाठी पात्रांची यादी कागदावर उतरवून पुस्तकातच ठेवावी, आणि आईचे पत्र असलेले प्रकरण येईपर्यंत तरी पुस्तक खाली ठेवू नये.